नवी ट्राय बाइक ग्रुप राइडला नेताना: विदर्भातल्या हौशी ट्रायथलीटांसाठी

तालुक्याच्या गावात नवी ट्राय बाइक, म्हणजे ट्रायथलॉनच्या शर्यतीसाठीची खास सायकल, बहुधा खोक्यातून येते. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून शनिवारी दुपारी घरी, संध्याकाळी जोडाजोड, आणि रविवारी पहाटे पाचला थेट आठ जणांच्या घोळक्यात. या घाईत सायकलीचं जे काही ढिलं, वाकडं किंवा उलटं बसलेलं असतं ते कळतं दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. म्हणून सायकलीची तपासणी एकट्याने उरकायची. ग्रुपमध्ये फक्त एवढंच पाहायचं की तपासलेली सायकल चार माणसांच्या मध्ये आपल्या हाताखाली कशी वागते. खोकं उघडणं आणि पहिली ग्रुप राइड यांत निदान दोन एकट्या फेऱ्या हव्यात.

खोकं उघडल्यावर

सगळ्यात आधी मागच्या डिरेलरचा (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला अडकवणारा तुकडा, पाहा. सायकल आडवी पडून किंवा वर दुसरं सामान येऊन हा नरम ॲल्युमिनियमचा तुकडा प्रवासातच वाकतो. सायकलीच्या मागे उकिडवं बसून एका डोळ्याने बघायचं: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या कॉगच्या (मागच्या दातेरी चकतीच्या) सरळ रेषेत, उभी दिसली पाहिजेत. खालचं चाक आत, स्पोकांकडे झुकलेलं असेल तर केबल कितीही पिळा, गिअर जागेवर बसणार नाहीत. वर सगळ्यात मोठ्या कॉगवर साखळी टाकताच डिरेलर स्पोकांत घुसू शकतो. हँगर सरळ करायला वेगळं अवजार लागतं, पक्कडीने हा प्रयोग करू नका. हँगर बहुधा फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, त्यामुळे सायकल घेतानाच एक जादा मागवून ठेवा. ऐनवेळी तो जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळेलच असं नाही.

मग फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. पॅकिंगसाठी तो फिरवलेला असतो आणि पुष्कळदा तसाच उलटा जोडला जातो. डिस्क ब्रेक असेल तर पुढचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) आपल्या डाव्या हाताला आला पाहिजे. रिम ब्रेक फोर्कच्या पुढच्या अंगाला असतो. काही ट्राय बाइकमध्ये तो मुद्दाम मागे लपवलेला असतो, म्हणून कंपनीचा फोटो समोर ठेवूनच जोडा.

हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो ते बेअरिंग, आवळायचा क्रम ठरलेला आहे. स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या भागाचे) बाजूचे बोल्ट ढिले ठेवून आधी वरच्या टोपीचा बोल्ट आवळायचा, खेळ (ढिलेपणा) संपेपर्यंतच. नंतर हँडल चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आलटून पालटून घट्ट करायचे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटजवळ बोट ठेवल्यावर टकटक जाणवली तर खेळ शिल्लक आहे. पुढचं चाक उचलून हँडल सोडलं आणि ते मधेच अडखळलं, तर जास्त आवळलं आहे.

स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटर, कार्बन सीटपोस्टचा क्लॅम्पही तेवढाच, थ्रू ॲक्सल (चाकाचा आरपार दांडा) १० ते १२, पेडल सुमारे ३५. पण भागावर जो आकडा छापलेला असेल तोच अंतिम. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा: १० सेंटिमीटर लांब ॲलन कीच्या टोकाला ५ किलोचा जोर म्हणजे जवळपास ५ न्यूटन मीटर. २० सेंटिमीटरच्या पान्यावर १८ किलोचा जोर दिला की पेडलचे ३५ होतात. तरीही कार्बनच्या भागांसाठी ग्रुपने मिळून एक टॉर्क पाना घ्यावा हेच बरं. फुटलेल्या सीटपोस्टपुढे त्याची किंमत काहीच नाही. कार्बन सीटपोस्टला ग्रीस लावायचं नाही, कार्बन पेस्ट लावायची. तिच्यातल्या बारीक कणांमुळे पोस्ट कमी टॉर्कवर धरून राहतो.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आट्यांना ग्रीस लावून पहिले तीन-चार फेरे बोटांनीच घ्या. बोटांनी जात नसेल तर पाना लावू नका, आटे एकमेकांवर चढत आहेत. क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) आटे गेले की क्रँकच बदलावा लागतो.

शेवटी ब्रेकच्या लिव्हरकडे बघा. आपल्या मोटरसायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि कित्येक सायकलीही तशाच येतात. युरोप-अमेरिकेच्या पद्धतीने जोडलेल्या सायकलीला मात्र तो डाव्या हाताला असतो. जुन्या आणि नव्या सायकलीत हा फरक राहिला तर घाईच्या वेळी हात जुन्या सवयीनेच चालतो. दोन्ही सायकली एकसारख्या करून घ्या.

माप जुन्या सायकलीवरून

बसायचं माप नव्याने शोधत बसू नका. जुनी सायकल भिंतीला टेकवा आणि बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून सीटट्यूबच्या रेषेत सॅडलच्या माथ्यापर्यंतचं अंतर टेपने घ्या. तेच नव्या सायकलीला लावा. जुनी सायकलच नसेल तर अनवाणी उभं राहून पायांच्या मधलं, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचं, माप घ्या आणि त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर भरलं तर सॅडल ७०.६ वर. ही फक्त सुरुवात. पुढचे बदल एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच.

ट्राय बाइकवर एक घोळ हमखास होतो. रोड बाइकची सीटट्यूब साधारण ७३-७४ अंशांत असते, ट्राय बाइकवर माणूस ७६ ते ८० अंशांच्या हिशेबाने पुढे सरकून बसतो. त्यासाठी सॅडल रेल्सवर पुढे ढकलली जाते आणि तिच्या उंचीकडे कोणी बघत नाही. सॅडल १० मिलिमीटर पुढे नेली की पाय आणि सॅडल यांतलं अंतर जवळपास ३ मिलिमीटर कमी होतं, तेवढी ती वर घ्यायला हवी. क्रँक लहान असेल, म्हणजे १७० मिलिमीटरच्या जागी १६५, तर आणखी ५ मिलिमीटर वर. नाहीतर वीस-पंचवीस किलोमीटरनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं आणि दोष सायकलीला जातो.

माप पक्कं झालं की सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. पोस्ट खाली सरकला तर लगेच दिसेल.

एकट्याच्या दोन फेऱ्या

पहिली फेरी १०-१५ किलोमीटरची, गावाबाहेरच्या ओळखीच्या, सरळ रस्त्यावर. ॲलन की खिशात हवी.

नव्या डिस्क ब्रेकला सुरुवातीला धार नसते. पॅडचा थर रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) एकसारखा बसावा लागतो. ताशी २० च्या वेगाला पुढचा ब्रेक एकसारखा दाबत जवळपास थांबेपर्यंत आणा, पण चाक लॉक होऊ देऊ नका आणि पूर्ण थांबूही नका. असं वीसेक वेळा. मग ताशी ३० वरून दहा वेळा. मागच्या ब्रेकला पुन्हा तेच. हे न करता थेट ग्रुपमध्ये गेलात तर ब्रेक आधी लागतच नाही, आणि पॅड अर्धवट बसले की एकदम पकडतो. मागच्या माणसाला दोन्ही तितकेच वाईट. रोटरला तेलाचा हात लावू नका. साखळी डिझेल किंवा रॉकेलने धुवायची आपल्याकडची जुनी सवय डिस्क ब्रेकच्या सायकलीला फार महागात पडते: एक थेंब पॅडवर गेला तर ब्रेक किंचाळतो, धरत नाही आणि पॅड बदलावे लागतात.

गिअर सगळे चढवून-उतरवून पाहा. सगळ्यात मोठ्या कॉगवर साखळी स्पोकांकडे पडत नाही ना, सगळ्यात लहानावर फ्रेमकडे अडकत नाही ना, हे आधी सायकल उचलून हाताने पेडल फिरवत बघायचं. नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत बसते आणि थोडी ढिली पडते. गिअर वर चढायला आळस करतात, टकटक करतात. डिरेलरजवळचा बॅरल ॲडजस्टर (केबल ताणायचा स्क्रू) अर्धा वळसा डावीकडे फिरवा, फरक पडला नाही तर आणखी अर्धा. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर आदल्या रात्री बॅटरी चार्ज करा. ती संपली की सायकल एकाच गिअरमध्ये अडकते.

दुसरी फेरी ३०-४० किलोमीटरची, आणि ती एरोबारसाठी, म्हणजे कोपर टेकवून धरायच्या पुढच्या दांड्यांसाठी. आधी बेसबारवर (ब्रेक असलेल्या बाहेरच्या हँडलवर) सवय करा, नंतर एक-एक मिनिट एरोबारवर. वजन पुढे जातं, हात जवळ येतात, त्यामुळे हँडल फार लवकर वळतं. मान आखडत असेल तर कोपराच्या पॅडखाली एखादा स्पेसर वाढवा. मांडीला किंवा पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येत असतील तर सॅडलचं नाक एक-दोन अंश खाली करा. एरोबारवरून बाटली काढून पाणी पिऊन ती परत ठेवणं, हेही इथेच घोटून घ्या. घरी आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कवर तपासा. काही थोडे ढिले झालेले सापडतातच.

हवा, काटे आणि पंक्चर

७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ट्यूबसह ६५ ते ७५ पीएसआय पुरते. २५ च्या टायरला ८० ते ८५. जुन्या समजुतीने १२० भरू नका. आपल्या जिल्हामार्गांच्या खडबडीत डांबरावर कडक टायर उड्या मारतो आणि वेग उलट कमी होतो. रिम हुकलेस (टायर अडकवायची कड नसलेली) असेल तर ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही, टायर निसटून बाहेर येतो.

बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो. सराटे मात्र रस्त्याच्या कडेच्या मातीतून चिकटतात, त्यामुळे फोटोसाठी सायकल धुऱ्यावर टेकवायची हौस महागात पडते. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक टायरमध्ये ३० ते ४० मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घाला. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, मार्चपासून दर महिन्याला व्हॉल्व्ह उघडून बघा. ट्यूब असेल तर दोन जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप, पॅच, साखळीची त्याच स्पीडची क्विक लिंक आणि मल्टिटूल एवढं प्रत्येकाकडे हवं. ग्रुपमध्ये एकाकडे असून चालत नाही, कारण ट्यूबचा व्हॉल्व्ह जुळत नाही. ५० मिलिमीटरच्या खोल रिमला साधारण ८० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह लागतो, मित्राचा ४८ चा आतच राहतो. १६ ग्रॅमचं एक सीओटू काडतूस २८ च्या टायरला पुरतं, पण ती हवा दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरते. घरी आल्यावर ती काढून साधी हवा भरा.

फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे प्रेस्टा, म्हणजे या सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हचं तोंड नसतं. पितळेचा छोटा अडॅप्टर सोबत ठेवला की त्याच्या कॉम्प्रेसरने काम भागतं. फक्त थोडी-थोडी हवा सोडायला सांगा आणि बोटाने दाबून अंदाज घेत राहा. काळी रबरी ट्यूब तो सोल्युशनने जोडून देईल. नव्या पारदर्शक, हलक्या टीपीयू ट्यूबला ते सोल्युशन चिकटत नाही, तिला तिचाच पॅच लागतो.

रस्ता कुठला

नव्या सायकलीच्या पहिल्या ग्रुप राइडला ४० ते ५० किलोमीटर, सपाट, कमी वळणांचा रस्ता निवडा. वर्ध्याकडे असाल तर सेवाग्राम-पवनार बाजूचे रस्ते रविवारी पहाटे बरे. समृद्धी महामार्गाकडे बघूही नका. तिथे दुचाकींनाच बंदी आहे. चिखलदऱ्याचा घाटही पहिल्या फेरीत नको, आणि त्याचं कारण दमापेक्षा गिअर आहे. बऱ्याच ट्राय बाइकना पुढे ५२/३६ आणि मागे ११-२८ दातांच्या चकत्या असतात. ३६ वर २८ टाकून केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ६० ठेवायचा तर ताशी जवळपास ९.७ किलोमीटर वेग ठेवावा लागतो. ८ टक्के चढावर, सायकलीसह ८५ किलो वजनाला, त्यासाठी सुमारे २०० वॉट लागतात. तेवढे तासभर निघत नसतील तर केडन्स ५० च्या खाली येतो आणि गुडघे बोलायला लागतात. परतवाड्याहून वर जायचं असेल तर आधी मागची कॅसेट बदला. उताराला ट्राय बाइक घालणं हा आणखी वेगळा विषय.

आपल्याकडच्या सिमेंटच्या रस्त्यांवर लांबीच्या दिशेने जोडाच्या फटी असतात. २५ चा टायर त्या फटीत शिरला की सायकल वळवता येत नाही. फट ओलांडायची तर ठाम कोनात, तिच्या कडेने घसटत नाही. रेल्वे फाटकावर रूळ काटकोनात ओलांडा.

ऋतूप्रमाणे अडचण बदलते. सोयाबीन निघालं की अर्ध्या रस्त्यावर ते वाळत घातलेलं असतं. त्या दाण्यांवर ब्रेक दाबला तर पुढचं चाक गेलंच. सरळ, ब्रेक न लावता, हँडल न वळवता निघून जा, किंवा थांबून बाजूने चाला. शेतकऱ्याचा माल आहे, त्यावरून दहा सायकली नेणं तसंही बरं दिसत नाही. कापसाच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात बिनदिव्याच्या बंड्या (बैलगाड्या) असतात. ३००-४०० लुमेनचा पुढचा दिवा आणि मागे लाल दिवा, दोन्ही हवेत, पण ग्रुपमध्ये मागचा दिवा लुकलुकता ठेवू नका, मागच्याचे डोळे दुखतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा पांदण रस्ता टाळा: पन्नास मीटरमध्ये फोर्क आणि चाक यांच्यामधली जागा भरते, चाक फिरायचं थांबतं आणि ओढत नेलं तर कार्बनचा रंगच नाही, थरही घासला जातो. एप्रिल-मेमध्ये पाचला निघून साडेआठच्या आत घरी. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत घट्ट करून नाही.

घोळक्यात

निघण्याआधी कॅप्टनला आणि आजूबाजूच्या दोघांना सांगा की सायकल नवी आहे. यात कमीपणा नाही. सांगितलं नाही तर तुमच्या एका दचकलेल्या ब्रेकचा अर्थ मागचा माणूस वेगळा लावतो. ग्रुप सहा ते आठ जणांचा असावा. याहून मोठा असेल तर दोन गट करा, मध्ये १०० मीटर अंतर.

पहिले १५ किलोमीटर सगळ्यात मागे राहा, पुढच्या सायकलीपासून पूर्ण एक सायकल मागे. नेहमीच्या सायकलीवर तुम्ही याच्या निम्मं अंतर ठेवत असाल, आज नको. पुढच्याच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक कधीही येऊ देऊ नका. तो हातभर सरकला की पडणारे तुम्ही असता. नजर त्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून दोन-तीन माणसं पुढचा रस्ता बघा.

एरोबारला घोळक्यात हात लावायचा नाही, एक मिनिटही नाही. कारण साधं आहे: ब्रेक बेसबारवर असतात. पॅडवरून हात ब्रेकपर्यंत यायला अर्धा सेकंद धरला तरी ताशी ३० च्या वेगाला सायकल तेवढ्यात ४ मीटरपेक्षा जास्त पुढे गेलेली असते, आणि समोरचं चाक त्याहून जवळ आहे. त्यातही कोपरावर टेकलेल्या माणसाला खड्डा चुकवायला सायकल आडवी टाकता येत नाही.

एरोबारचा सराव शेवटच्या १० किलोमीटरला, ग्रुप मोकळा सोडून करा. आयर्नमॅनच्या (लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या) स्पर्धांत हौशी गटाला १२ मीटर अंतर राखावं लागतं, पुढच्याच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत, आणि ओलांडायला २५ सेकंद मिळतात. तेच अंतर ठेवून एकामागोमाग जा. गोव्याच्या ७०.३ ला (अर्ध्या आयर्नमॅनला) ९० किलोमीटर सायकल असते, तिथे लागणारी सवय हीच. दुसऱ्याच्या आडोशाला ताशी ३५ ने पळण्याची सवय तिथे कामी येत नाही.

ब्रेक दाबायची गरज शक्यतो पडूच देऊ नका. वेग थोडा कमी करायचा तर पेडल मारणं थांबवा, छाती थोडी उचला, वारा काम करतो. ग्रुपमध्ये कोणाला डिस्क, कोणाला रिम ब्रेक असेल तर एक फरक ध्यानात ठेवा: पावसात किंवा ओल्या रस्त्यावर डिस्कवाला आधी थांबतो, रिमवाला त्याच्या मागे असेल तर त्याला अंतर जास्त लागतं.

आवाज मोठा, शब्द छोटे. "खड्डा", "ब्रेकर", "मागून गाडी", "थांबतोय". खड्डा दाखवताना बोट खाली, त्या बाजूचं. पण नव्या सायकलीवर एका हाताने धरायची खात्री नसेल तर फक्त ओरडा, हात हँडलवरच. गावठाणातले स्पीड ब्रेकर पुष्कळदा रंगवलेले नसतात. शाळा, देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचा फलक दिसला की तो येणार असं धरून चाला. कुत्रं धावून आलं तर वळसा घेऊ नका, सरळ रेषेत राहा, मागच्यांना सांगा. रेतीचा टिप्पर मागून येतोय हे ऐकू आलं की एका रांगेत या आणि हँडल थोडं घट्ट धरा, विशेषतः खोल रिम असतील तर: टिप्पर बाजूने जाताना आधी ढकलतो आणि पुढे गेल्यावर आत ओढतो.

मागे राहून १५ किलोमीटर नीट गेले की एकदा पुढे येऊन पाच मिनिटं ओढा, म्हणजे वारा अंगावर घेत सगळ्यांच्या पुढे चालवा. नवी सायकल हलकी लागते आणि पुढे आलेला माणूस नकळत ताशी तीन-चार किलोमीटर वाढवतो. जो वेग चालू होता तोच ठेवा. सरळ बाजूला होताना आधी मागे बघा, मग कोपर हलवून इशारा करा, आणि हळूहळू मागे या.

टपरीवर

पोहे-तर्रीला थांबलात की नव्या सायकलीभोवती गर्दी होते. कोणी लिव्हर दाबतो, कोणी उभ्या सायकलीचे गिअर खटखटवतो. मेकॅनिकल गिअर असतील तर पेडलवर पाय पडताच साखळी एकदम उडी मारते. निघण्याआधी सायकल उचलून पेडल फिरवून घ्या, दोन्ही ब्रेक दाबून बघा, ॲक्सलचा लिव्हर बंद आहे का बघा. ग्रुपमधल्या मित्राला चालवून बघायची असेल तर देऊ नये असं नाही, पण त्याच्या बुटाचा क्लीट (तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) तुमच्या पेडलला बसतो का ते आधी पाहा. लूक, एसपीडी-एसएल आणि एसपीडी या प्रकारांचे क्लीट एकमेकांत चालत नाहीत. सॅडल त्याच्या उंचीला हलवायची नाही. रिकाम्या रस्त्यावर अर्धा किलोमीटर, बेसबार धरून, एवढंच.

घरी आल्यावर

सीटपोस्टवरच्या टेपकडे बघा. पोस्ट सरकला असेल तर पेस्ट कमी पडली आहे, जास्त आवळून उपयोग नाही.

आवाज येत असेल तर तो कधी येतो त्यावरून जागा सापडते. बसल्यावर येतो, उभं राहिल्यावर जातो: सॅडलची रेल किंवा सीटपोस्ट. पेडल मारतानाच, प्रत्येक फेऱ्याला एकदा: पेडलचे आटे, क्रँक किंवा बुटाचा क्लीट. आधी पेडल काढून ग्रीस लावून बसवा, बरेच आवाज तिथेच संपतात. पेडल थांबवूनही येतो: रोटर घासतोय किंवा हबमध्ये खेळ आहे. रोटर घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे ढिले करा, ब्रेक दाबून धरा आणि तसाच धरून बोल्ट आवळा. उतारावर हँडल थरथरलं असेल तर पुन्हा हेडसेटचा खेळ तपासा. चालत्या सायकलीवर अशी थरथर आली तर हँडल आवळून धरू नका, गुडघे टॉपट्यूबला दाबा आणि मागचा ब्रेक हलका लावा.

सायकलीचं खोकं आणि आतली फोमची पॅकिंग टाकू नका. फ्रेमला वाहतुकीत तडा गेलेला निघाला तर दुकानदार आधी खोक्याचे फोटो मागतो, आणि गोव्याला विमानाने किंवा रेल्वेने सायकल नेतानाही तेच खोकं लागतं.